तिकीट एक, भाडं एक, मग लाउंजचा नियम दोन तऱ्हांचा का? डीजीसीए आणि विमान कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय (डीजीसीए), नवी दिल्ली
तसेच भारतातून परदेशप्रवासाची बिझनेस क्लासची तिकिटं विकणाऱ्या सर्व विमान कंपन्या

विषय : एकाच तिकिटावर वेगवेगळ्या वर्गांचे टप्पे असलेल्या प्रवाशांना मधल्या विमानतळावर लाउंजमध्ये (बसण्या-खाण्याच्या राखीव कक्षात) मिळणारा प्रवेश

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी नागपुरात विमान तिकिटांचा व्यवसाय करते. लेकी-जावई, मुलं-सुना परदेशात असलेली ज्येष्ठ जोडपी माझ्याकडे बरीच येतात. त्यांच्यातले अनेक जण आयुष्यात पहिल्यांदा बिझनेस क्लासने जातात, ते हौस म्हणून नव्हे. कुणाच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली असते. कुणाला पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती डॉक्टरांनी घातलेली असते. कुणाला चौदा-पंधरा तास एका जागी बसणं आता झेपतच नाही. मुलं तिकडून पैसे पाठवतात आणि मला फोनवर सांगतात, "आई-बाबांना आडवं होता आलं पाहिजे, बाकी काही बघू नका." अशा प्रवाशांची आपल्याच देशातल्या विमानतळावर जी अडवणूक होते, त्याबद्दल हे पत्र आहे.

नागपूर-मुंबई-लंडन असं तिकीट घ्या. पीएनआर एक, तिकीट एक, भाडं एक. मुंबई-लंडन हा टप्पा बिझनेसचा. नागपूर-मुंबई इकॉनॉमीचा, कारण त्या विमानात बिझनेस क्लास नाहीच. जाताना मुंबईत लाउंज मिळतं, त्यात वाद होत नाही. हातातला पुढचा बोर्डिंग पास बिझनेसचा असतो. येताना मात्र सगळं फिरतं. लंडनहून रात्री मुंबईत उतरायचं आणि नागपूरचं विमान सकाळी. मधले पाच-सहा तास काढायचे कुठे? लाउंजच्या दारातला कर्मचारी पुढच्या उड्डाणाचा बोर्डिंग पास स्कॅन करतो, पडद्यावर इकॉनॉमी दिसतं, आणि तो मान हलवतो. काही कंपन्या अशा प्रवाशाला आत घेतात, काही घेत नाहीत. एकाच कंपनीच्या काउंटरवर आज 'हो' मिळतं, पुढच्या महिन्यात त्याच प्रश्नाला 'नाही'. विकताना मी प्रवाशाला काय सांगू, हे मलाच ठाऊक नसतं. हे माझ्या व्यवसायाला शोभणारं नाही आणि आपल्यालाही शोभणारं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे : लाउंजचा हक्क तिकिटाला जोडलेला असावा, पुढच्या बोर्डिंग पासला नव्हे. आणि तो कोणत्या विमानतळावर आहे, कोणत्या नाही, हे विकतानाच तिकिटावर छापून द्यावं.

आधी भाड्याचं बघू, कारण गैरसमजाची सुरुवात तिथून होते. लोकांना वाटतं, प्रवाशाने मोठ्या टप्प्याचे बिझनेसचे पैसे भरले आणि छोट्या टप्प्याचे इकॉनॉमीचे, मग छोट्या टप्प्यावर इकॉनॉमीची वागणूक मिळाली तर तक्रार कसली? तिकिटांचं गणित असं चालत नाही. नागपूर-लंडन हे बहुतेक वेळा थ्रू फेअर असतं, म्हणजे सुरुवातीच्या गावापासून शेवटच्या गावापर्यंत एकच भाडं. ते बिझनेसचं भाडं असतं आणि त्याचे नियमही बिझनेसचे. तिकिटावर मोठ्या टप्प्यासमोर सी, डी किंवा जे यांसारखं अक्षर दिसतं आणि छोट्या टप्प्यासमोर वाय किंवा एम. हे दुसरं अक्षर तिथे येतं कारण त्या विमानात देण्यासारखं दुसरं आसनच नाही. प्रवाशाने स्वस्तातला पर्याय निवडलेला नसतो. मला कुणी विचारलं, "ताई, यात नागपूर-मुंबईचे किती?", तर मला आकडा सांगता येत नाही. तो वेगळा नसतोच.

महाराष्ट्राच्या नकाशाकडे पाहिलं तर हे किती जणांना लागू होतं ते कळतं. मुंबई सोडली तर थेट युरोप-अमेरिकेला जाणारं विमान राज्यातल्या कुठल्या गावातून आहे? नागपूर, पुणे, कोल्हापूर, नाशिक, नांदेड, छत्रपती संभाजीनगर इथल्या माणसाला मुंबई, दिल्ली नाहीतर आखातातलं एखादं शहर गाठावंच लागतं. २०१६ साली उडान योजना आली, छोटी गावं हवाई नकाशावर आली, ते चांगलंच झालं. पण अशा अनेक मार्गांवर एटीआर ७२ सारखी विमानं धावतात. सत्तर-पंचाहत्तर आसनं, एकच केबिन. देशातल्या निम्म्याहून अधिक प्रवाशांची ने-आण करणाऱ्या इंडिगोच्या बहुतांश देशांतर्गत विमानांत आजही एकच वर्ग आहे. म्हणजे मुंबईकराला हा प्रश्न पडतच नाही; तो घरून निघतो, विमानतळावर जातो, बिझनेसमध्ये बसतो. प्रश्न पडतो तो त्याच्याइतकंच किंवा त्याहून जास्त भाडं भरणाऱ्या नागपूरच्या, कोल्हापूरच्या माणसाला.

आता कायद्याचं. १९९९ च्या माँट्रियल कराराचा भारत सदस्य आहे. ३० जून २००९ पासून तो आपल्याकडे लागू झाला आणि त्यासाठी १९७२ च्या हवाई वाहतूक कायद्यात तिसरी अनुसूची जोडली गेली. त्या कराराच्या पहिल्याच कलमात लिहिलं आहे की, एकामागून एक अनेक वाहकांनी करायची वाहतूक दोन्ही पक्षांनी एकच व्यवहार म्हणून धरली असेल, तर ती एक अखंड वाहतूक मानायची. त्याच कलमात पुढे असंही आहे की, त्यातला एखादा करार पूर्णपणे एकाच देशाच्या हद्दीत पार पडतो एवढ्यावरून त्या प्रवासाचं आंतरराष्ट्रीय स्वरूप जात नाही. लंडनहून निघालेल्या प्रवाशाचा मुंबई-नागपूर टप्पा हा कायद्याच्या लेखी आंतरराष्ट्रीय प्रवासाचाच तुकडा आहे. करार नुकसानभरपाईच्या जबाबदारीसाठी आहे, लाउंजसाठी नाही, हे मला माहीत आहे. पण सामान हरवलं की प्रवास एक, उशीर झाला की प्रवास एक आणि बसायला खुर्ची मागितली की प्रवासाचे दोन तुकडे, हे कुठल्या न्यायात बसतं?

युरोपात हाच विचार पुढे नेला गेला. ३१ मे २०१८ रोजी वेगेनर विरुद्ध रॉयल एअर मारोक या खटल्यात युरोपीय संघाच्या न्यायालयाने सांगितलं की, एकाच बुकिंगखाली काढलेली दोन-तीन उड्डाणं मधे विमान बदललं तरी एकच घटक मानायची. तो खटला बर्लिनहून कासाब्लांकामार्गे अगादीरला जाणाऱ्या प्रवाशाचा होता आणि उशिराच्या भरपाईबद्दल होता. त्यातलं तत्त्व मात्र सरळ आहे.

लांब कशाला जायचं, सामानाचंच पाहा. लंडनहून आलेल्या बिझनेस प्रवाशाच्या बॅगांना मुंबई-नागपूर टप्प्यावरही आंतरराष्ट्रीय बिझनेसचीच वजनमर्यादा लागू होते. देशांतर्गत इकॉनॉमीची १५ किलोंची मर्यादा तिथे कुणी दाखवत नाही, कारण तिकीट एक आहे हे तिथे सर्वांना मान्य आहे. बॅगांवर प्राधान्याची चिठ्ठीही अनेकदा तशीच राहते. बॅगेला जो दर्जा नागपूरच्या पट्ट्यापर्यंत मिळतो, तो तिच्या मालकाला मुंबईतच सोडावा लागतो.

रेल्वेने हे कधीच सोडवलं आहे. स्थानकावरची रिटायरिंग रूम पीएनआरवर मिळते, आणि ती सुटण्याच्या स्थानकावर जशी घेता येते तशीच पोहोचण्याच्या स्थानकावरही. गाडीतून उतरलेल्या माणसाला तिथे कुणी पुढच्या गाडीचं तिकीट विचारत नाही.

कंपन्या नकार का देतात, हेही मोकळेपणाने बोललं पाहिजे. भारतातली बहुतेक लाउंजं विमान कंपन्यांच्या मालकीची नाहीत. ती विमानतळाच्या किंवा खासगी चालकांच्या ताब्यात असतात आणि आत गेलेल्या प्रत्येक डोक्यामागे कंपनीला पैसे मोजावे लागतात. आंतरराष्ट्रीय बाजूचा करार वेगळा, देशांतर्गत बाजूचा वेगळा. आपल्याकडे परदेशातून आलेल्या प्रवाशाला पहिल्याच भारतीय विमानतळावर इमिग्रेशन करावं लागतं, बहुतेक वेळा सामान ताब्यात घेऊन कस्टम्समधून बाहेर यावं लागतं, पुन्हा सामान द्यावं लागतं आणि देशांतर्गत सुरक्षा तपासणीतून जावं लागतं. त्यामुळे तो ज्या लाउंजपाशी पोहोचतो ते देशांतर्गत बाजूचं असतं. तिथे परदेशी कंपनीचा करार नसतो, आणि देशी कंपनी म्हणते, 'आमच्यासाठी तुम्ही इकॉनॉमीचे.' दोघांच्या मधे प्रवासी उभा. मुंबईत त्यात आणखी भर, कारण टर्मिनल २ वरून टर्मिनल १ ला रस्त्यानेच जावं लागतं. आता डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळही सुरू झाला आहे. पुढे-मागे एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून निघणारे प्रवासी वाढणार, त्यांचं काय करायचं याचा विचार आत्ताच व्हायला हवा.

विमान कंपन्यांच्या जागतिक आघाड्या असतात; त्यांच्या नियमांनी हे आपोआप सुटेल, अशी आशा मी बरीच वर्षं बाळगून होते. वनवर्ल्ड आघाडीचा नियम मला त्यातल्या त्यात स्वच्छ वाटतो. पाच तासांहून लांबचं आंतरराष्ट्रीय उड्डाण बिझनेसचं असेल आणि त्याला जोडून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी ६ पूर्वी आघाडीतल्याच कंपनीचं छोटं उड्डाण असेल, तर छोट्या उड्डाणाचा वर्ग कोणताही असो, लाउंज मोठ्या उड्डाणाच्या वर्गाप्रमाणे. लेखी आहे, सर्वांना वाचता येतं. पण भारतात त्याचा उपयोग किती? भारतीय कंपन्यांपैकी एअर इंडिया ही एकटीच जागतिक आघाडीत आहे, स्टार अलायन्समध्ये, २०१४ पासून. बाकी परदेशी कंपन्यांचे प्रवासी भारतातला टप्पा आघाडीबाहेरच्या विमानात करतात. तिकिटावर क्रमांक परदेशी कंपनीचा, प्रत्यक्ष विमान भारतीय कंपनीचं, म्हणजे कोडशेअर. नियम लागू व्हायला उड्डाण चालवणारी कंपनी आघाडीतली हवी. प्रवाशाला हा भेद तिकीट काढताना दिसत नाही. दिसतो तो रात्री दोन वाजता, दारात.

आणि रात्री दोनचंच दुखणं वेगळं आहे. युरोप-अमेरिकेची अनेक विमानं भारतात मध्यरात्रीच्या आगेमागे उतरतात आणि देशांतर्गत विमानं पहाटे-सकाळी सुटतात. 'त्याच दिवशीचं कनेक्शन' अशी अट घातली की रात्री साडेअकराला उतरलेला प्रवासी अर्ध्या तासात अपात्र होतो. विमान साडेबाराला उतरलं तर तोच प्रवासी पात्र. वेळेवर आलेल्याला लाउंज नाही आणि उशिरा आलेल्याला आहे, असा नियम करणाऱ्यांनी भारतातलं वेळापत्रक पाहिलेलं नसणार. भाड्याच्या नियमांत आंतरराष्ट्रीय कनेक्शन २४ तासांपर्यंत कनेक्शनच मानलं जातं, तो मुक्काम ठरत नाही. लाउंजलाही तोच निकष लावावा. तारीख बदलली म्हणून प्रवास बदलत नाही.

एक प्रसंग सांगते, कारण त्यानंतरच हे पत्र लिहायचं मी ठरवलं. विदर्भातले एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी अमेरिकेहून दिल्लीमार्गे नागपूरला परतत होते. तिकीट मीच काढलं होतं, बिझनेसचं, शेवटचा टप्पा इकॉनॉमी. दोघांना व्हीलचेअर, सरांना मधुमेह, इन्सुलिन चालू. इमिग्रेशन, सामान, कस्टम्स, पुन्हा तपासणी यांत दोन तास गेले. व्हीलचेअर ढकलणाऱ्या मुलाने त्यांना लाउंजपाशी आणून सोडलं. आत घेतलं नाही. बाईंनी सगळ्या प्रवासाचं छापील तिकीट काढून दाखवलं, त्यावरचा 'बिझनेस' शब्द दाखवला. काउंटरवरच्या मुलीने नम्रपणे सांगितलं की तिला फक्त पुढचं उड्डाण दिसतं, आणि विचारलं, "तुमच्याकडे क्रेडिट कार्ड आहे का?" नव्हतं. त्यांच्या मागे उभे असलेले तरुण कार्डावर दोन रुपये कापून आत गेले. त्या तरुणांचं काही चुकलं नाही. त्यांच्या बँकेने कार्डासोबत त्यांना लाउंजचा दिलेला शब्द बँकेने पाळला. सरांना इन्सुलिन घेऊन वेळेवर खायला हवं होतं. पहाटेपर्यंत ते दोघं गेटजवळच्या लोखंडी खुर्च्यांवर बसले, बाई अधूनमधून उठून खायला काय मिळतं ते बघत होत्या. चोवीस तासांचा प्रवास करून आलेलं सत्तरीच्या पुढचं जोडपं. त्यांनी मला दोष दिला नाही, घरी आल्यावर फोन करून फक्त एवढंच विचारलं की, "आम्ही दिल्लीत उतरलो तेव्हा कोणत्या वर्गाचे होतो?" मी त्या कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, प्रवेश पुढच्या उड्डाणाच्या वर्गावर अवलंबून असतो. हे तिकिटावर कुठे लिहिलं आहे, या प्रश्नाला उत्तर आलं नाही.

'तिला फक्त पुढचं उड्डाण दिसतं' हे मात्र खरं आहे, आणि ते सहज बदलता येण्यासारखं आहे. बोर्डिंग पासवरच्या चौकोनी बारकोडचा नमुना आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने ठरवून दिलेला आहे. त्यात पीएनआर असतो, मार्ग असतो, केबिनचं अक्षर असतं. आणि त्या नमुन्यात एकाच बारकोडमध्ये एकाहून अधिक टप्पे बसवायची सोय पहिल्यापासून आहे. किती टप्पे आहेत हे सांगणारा आकडा अगदी सुरुवातीलाच असतो. कंपन्या बहुधा एकच टप्पा भरतात, म्हणून तिथे १ दिसतो. तेवढंही नको असेल तर चेक-इन काउंटरवरून एक लाउंज कूपन देता येतं. विमान उशिरा झालं की कंपन्या खाण्याची कूपनं देतातच ना? डिजियात्रासाठी चेहरा आणि बोर्डिंग पास जोडण्याची यंत्रणा २०२२ च्या डिसेंबरपासून देशात उभी राहिली. तांत्रिक अडचणीचं कारण आता कुणी पुढे करू नये.

महासंचालक महोदय, आता थेट आपल्याशी बोलते. सर्वात मोठ्या अपेक्षा आपल्याकडूनच आहेत, कारण आपण याच्या अगदी जवळ येऊन थांबला आहात.

प्रवाशाला त्याने पैसे भरलेल्या वर्गापेक्षा खालच्या वर्गात बसवलं तर काय, याचा नियम आपण केला. १५ फेब्रुवारी २०२३ पासून तो लागू आहे : देशांतर्गत प्रवासात करांसह तिकिटाच्या किमतीच्या ७५ टक्के परत, आंतरराष्ट्रीय प्रवासात १५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, ३५०० पर्यंत ५० टक्के आणि त्याहून लांब ७५ टक्के. त्या नियमाने माझ्या अनेक प्रवाशांना पैसे परत मिळवून दिले, मी त्याबद्दल मनापासून आभारी आहे. पण तो नियम आसनाचा आहे. बिझनेस क्लास म्हणजे फक्त आसन, असं कुठलीही कंपनी जाहिरातीत म्हणत नाही. जाहिरातीत लाउंजचा फोटो असतो, गरम जेवणाचा असतो, अंघोळीच्या सोयीचा असतो. विकताना जे दाखवलं त्याचा भाग मधल्या विमानतळावर काढून घेतला, तर त्याला नियमात नाव नाही.

दुसरं, सेवा सुट्या करून वेगळे पैसे आकारण्याबद्दलचं आपलं परिपत्रक. पसंतीचं आसन, खाणं-पिणं, सामान यांच्या रांगेत आपण विमान कंपनीच्या लाउंजचा वापरही घातला आहे. म्हणजे लाउंज ही वेगळी किंमत असलेली, स्वतंत्र सेवा आहे हे आपल्या कार्यालयाला मान्य आहे. ज्या सेवेला वेगळी किंमत लावता येते ती विकत दिली आहे की नाही, हे तिकिटावर वेगळं लिहायला काय हरकत?

आणि तिसरं, कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमीवरचा जीएसटी ५ टक्के राहिला आणि त्यावरच्या वर्गांचा १२ वरून १८ टक्के झाला. भारतातून निघणाऱ्या बिझनेस प्रवाशाकडून सरकार वरच्या वर्गाचा कर घेतं, कारण त्याने वरच्या वर्गाची सेवा घेतली असं धरतं. त्या सेवेचा हिशोब तपासणं हे सरकारचंही काम झालं.

मला काय हवं आहे ते स्पष्ट सांगते. तिकिटावर वजनमर्यादा जशी प्रत्येक टप्प्यासमोर छापलेली असते, तशी लाउंजचीही नोंद प्रत्येक विमानतळासमोर असावी : आहे किंवा नाही, असेल तर कोणतं आणि सोबत किती जण. ज्या तिकिटाचं थ्रू भाडं बिझनेसचं आहे आणि छोटा टप्पा केवळ विमानात तो वर्ग नसल्यामुळे इकॉनॉमीचा झाला आहे, त्याला चोवीस तासांच्या आतल्या प्रत्येक कनेक्शनवर लाउंज मिळावं, मग छोटं उड्डाण चालवणारी कंपनी कोणतीही असो. डोक्यामागचे पैसे कुणी द्यायचे हे ज्या कंपनीने तिकीट विकलं तिने आपल्या भागीदाराशी ठरवावं. त्या विमानतळावर लाउंज नसेल किंवा गर्दीमुळे बंद असेल, तर निदान जेवणाचं कूपन आणि बसायची नीट जागा. नकार दिला तर तो लेखी द्यावा. आणि एअरसेवा या विमान प्रवाशांच्या तक्रारींसाठीच्या सरकारी पोर्टलवर लाउंज नाकारल्याच्या तक्रारीसाठी स्वतंत्र वर्गवारी असावी, म्हणजे अशा तक्रारी किती येतात ते आपल्याला एकदा तरी मोजता येईल. आज त्या 'इतर' या रकान्यात जातात आणि तिथेच राहतात.

तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळांबद्दल एक ओळ. 'बिझनेस' निवडून शोध घेतला की मिश्र वर्गांचे पर्यायही त्याच यादीत येतात, आणि एक टप्पा इकॉनॉमीचा आहे हे बारीक अक्षरांत, एका खुणेवर बोट ठेवल्यावर कळतं. फसव्या रचनांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. या खुणेकडे त्यांनीही पाहावं.

काय मागत नाही, तेही सांगते. स्वतंत्र काढलेल्या दोन तिकिटांसाठी मी काहीच मागत नाही. दोन व्यवहार आहेत, दोन नियम असणारच. एखाद्याने इकॉनॉमीचं तिकीट काढून मोठा टप्पा पॉइंट्सवर किंवा बोली लावून बिझनेसचा करून घेतला असेल, तर त्याला त्या उड्डाणाच्या सुटण्याच्या विमानतळापुरतं लाउंज मिळालं तरी मला ते योग्य वाटतं, कारण त्याने बिझनेसचं थ्रू भाडं भरलेलं नाही. दिल्ली-मुंबई बिझनेसने आणि पुढे मुंबई-न्यूयॉर्क इकॉनॉमीने जाणाऱ्याला मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लाउंजमध्ये घ्या, असंही माझं म्हणणं नाही. जास्त लांबचा टप्पा ज्या वर्गाचा, तो वर्ग मधल्या विमानतळावर धरावा, ही सरळ मोजपट्टी आहे आणि ती दोन्ही बाजूंनी लागू व्हावी.

श्रीमंतांच्या सोयीसाठी एवढा खटाटोप कशाला, असं काही जण म्हणतील. सामान्य प्रवाशासाठी मंत्रालयाने काही केलं की मला आनंदच होतो. २०२४ च्या डिसेंबरात कोलकात्याच्या विमानतळावर दहा रुपयांत चहा देणारं उडान यात्री कॅफे सुरू झालं, तेव्हा असं नागपुरातही व्हावं म्हणून मी ओळखीच्या सगळ्यांना ती बातमी पाठवली होती. पण माझ्याकडे येणारे बिझनेसचे सगळे प्रवासी श्रीमंत नसतात. मुलाने वर्षभर बाजूला टाकलेल्या पैशांतून आलेलं ते तिकीट असतं, शरीर साथ देत नाही म्हणून काढलेलं. आणि समजा श्रीमंत असले, तरी भरलेल्या पैशांचा शब्द पाळायला माणसाची ऐपत विचारायची नसते.

गर्दीचा मुद्दा खरा आहे. देशांतर्गत लाउंजबाहेर रांगा लागतात, हे मी स्वतः पाहते. ती गर्दी मुख्यतः बँकांच्या कार्डांनी आणली. आणि लाउंज चालक, बँका व मधल्या कंपन्या यांचे करार अधूनमधून तुटतात तेव्हा कार्डधारकही दारातून परत जातात. मग विमान कंपनीच्या प्रवाशाला निदान त्याच्या कंपनीचा शब्द तरी खात्रीचा असू द्या. मिश्र वर्गाचे प्रवासी दिवसाकाठी किती असतील? ज्या विमानात पंचवीस-तीस जागा बिझनेसच्या, त्यांतले पुढे छोट्या गावाला जाणारे अगदी थोडेच.

विमान कंपन्यांनाही माझी विनंती आहे. नियम येईपर्यंत थांबायची गरज नाही. मिश्र वर्गाच्या तिकिटावर आपलं धोरण काय आहे ते आपल्या संकेतस्थळावर मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, एका पानावर लिहा. 'नाही' असेल तर 'नाही' लिहा. मी ते प्रवाशाला आधीच सांगेन, तो घरून डबा आणेल, मधला वेळ कमी असलेलं कनेक्शन मागेल किंवा दुसऱ्या कंपनीकडे जाईल. आज मात्र मी दोघा म्हाताऱ्या माणसांना 'बहुतेक मिळेल' असं सांगून पाठवते, आणि त्या 'बहुतेक'वर त्यांची रात्र जाते.

माझ्या प्रवाशांच्या तक्रारी, त्यांची तिकिटं आणि कंपन्यांकडून आलेली उत्तरं मी जपून ठेवली आहेत. ज्यांची संमती आहे त्यांची कागदपत्रं आपल्या कार्यालयाला पाठवायची माझी तयारी आहे. राज्यातल्या इतर तिकीट एजंटांनीही आपापल्याकडची पाठवावीत, अशी या पत्रातूनच त्यांना विनंती करते. नियमाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी खुला झाला, तर आम्ही लेखी सूचना वेळेत देऊ.

आपली,
नागपुरातील एक तिकीट एजंट